नकाशेमामांचं दृढीकरण

जगाच्या पाठीवरचं कुठलंही गाव सांगा, ते कोणत्या बिशपच्या हद्दीत येतं हे नकाशेमामा पापणी लवायच्या आत सांगत. आम्ही कुवेतच्या अहमदीतल्या नर्सेस त्यांना मुद्दाम छळायचो. कुणी म्हणायचं झांझिबार, कुणी म्हणायचं रंगून. मामा चहाचा कप बशीत ठेवत, डोळे मिटत आणि सांगत. शिवाय पूर्वी ते कुणाकडे होतं आणि का तोडलं, हेही वर. एकदा मी चिडून म्हटलं, "आणि उत्तर ध्रुव?" तर शांतपणे म्हणाले, "तिथे माणसं राहायला गेली की कुणाला तरी द्यावा लागेल. अजून कुणी मागितलेला नाही."

कंपनीची बस चालवणारे दाऊदभाई दापोलीकडचे. त्यांनासुद्धा मामांच्या या विद्येचं भारी कौतुक. शुक्रवारी आम्हाला चर्चपाशी उतरवताना ते हमखास विचारत, "काय हो मामा, आमच्या दापोलीवर कोण तुमचा?"

"मुंबईचे बिशप."

"मग आमच्यासाठी दुवा मागतो की नाही तो? की फक्त तुमच्याच लोकांसाठी?"

"मागायलाच पाहिजे. हद्दीत राहणाऱ्या प्रत्येकासाठी मागायची असते. माणूस चर्चला येतो की मशिदीत जातो, ते विचारायचं नसतं."

दाऊदभाई गिअर टाकता टाकता खूश होऊन म्हणत, "म्हणजे डबल बंदोबस्त!"

मी अहमदीला आले ती पन्नासच्या दशकाच्या शेवटी. नगरच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेली, तोंडाची फटकळ, घर सोडून पहिल्यांदाच बाहेर पडलेली. अहमदी म्हणजे तेल कंपनीने वाळूच्या टेकाडावर वसवलेलं गाव. सरळ रस्ते, एकसारखी घरं, पाण्याच्या पाइपावर जगवलेली झाडं आणि लांबवर चोवीस तास जळणारा गॅस. मामा कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनियर लोक पेन्सिलीने नकाशे काढत, मामा ते शाईने कापडावर उतरवत. मंगफच्या किनाऱ्यापर्यंत गेलेल्या पाइपांच्या रेघा त्यांच्याच हातच्या. रेघ अशी की बघत राहावं, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते कळू नये. म्हणून ते नकाशेमामा. खरं नाव हजेरीपटावर असेल, आमच्यात ते कुणी घेतलं नाही.

ऑफिसात ट्रेसिंगच्या कापडाचे तुकडे उरत. साहेबाला रीतसर विचारून मामा ते घरी आणत. अशा तुकड्यांवर त्यांनी जे करून ठेवलं होतं, ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, खरं सांगते, मी तोंडात बोट घातलं. आठ-नऊ पारदर्शक कापडं, सगळी एका मापाची. पहिल्यावर नुसते किनारे आणि नद्या. त्यावर दुसरं ठेवायचं, की सगळ्या हिंदुस्थानभोवती एक लाल रेघ आणि थेट ऑस्ट्रेलियाकडे गेलेला एक बाण. एके काळी हे सारं कलकत्त्याच्या एकट्या बिशपकडे होतं. तिसरं ठेवलं की मद्रास आणि मुंबई वेगळी होत. चौथं ठेवलं की मुंबईतून नाशिक सुटं होई. आणखी दोन कापडं पश्चिमेची, जेरुसलेमची. तिथल्या बिशपांना आर्चबिशप केलं आणि जॉर्डन, सीरिया, लेबनॉनचा धर्मप्रांत निराळा काढला, ते सगळं हिरव्या शाईत. आमचं कुवेत त्या जेरुसलेमकडे. वाळूत एक बारीकसा ठिपका, त्यापुढे मामांच्या अक्षरात 'आपण'.

"मामा, एवढे तुकडे पाडायचे कशाला?" मी विचारलं होतं. "हद्दी आखून देव सापडतो होय?"

"सिस्टरबाई, बिशप एक आणि मुलूख हजार कोस. घोड्यावर बसून गेला तरी किती गावं करणार? ज्या गावाला पोचला नाही, तिथली माणसं राहून जातात. हद्द लहान करायची ती कुणी सुटू नये म्हणून."

मला या गोष्टीचं फार वाटायचं नाही, कारण आमचं घराणं नगरच्या ज्या मंडळीतलं, तिथे बिशप हा प्रकारच नाही. मी ते ठसक्यात सांगितलं. "आम्ही बिशपवाचून तीन पिढ्या काढल्या. काही अडलं नाही."

"अडलं नाही, पण बेवारस राहिलात ना," मामा म्हणाले आणि स्वतःच इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

आम्ही मराठी ख्रिस्ती तिथे सगळे मिळून पंधरा-सोळा. शुक्रवार सुट्टीचा, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी. इंग्रजी उपासना झाली की पाद्रीसाहेब आम्हाला चर्च मोकळं करून देत आणि आम्ही मराठीत प्रार्थना करायचो. त्यात 'आमच्या बिशपसाठी' अशी एक प्रार्थना असते, नाव घेऊन. झालं! मुंबईकडचे मुंबईच्या बिशपचं नाव घेत, नगर-नाशिककडचे नाशिकच्या, आणि एकाच वेळी दोन नावं मोठ्याने उच्चारली जात. एका शुक्रवारी तर दोघं जण चढाओढीने ओरडले. पाद्रीसाहेब दारातून डोकावून म्हणाले, इथले बिशप जेरुसलेमला असतात, तुम्ही सगळेच चुकीच्या माणसासाठी प्रार्थना करताय. सगळ्यांची तोंडं उतरली. मामांनी मात्र तोड काढली. आधी जेरुसलेमच्या आर्चबिशपांचं नाव, मग 'आमच्या घरी राहिलेल्यांची जे काळजी वाहतात त्यांच्यासाठी'. पुढे काही भांडण झालं नाही. दोन्ही गट म्हणायचे, मामांनी आपलीच बाजू घेतली.

दृढीकरणाचा वर्गही मामाच घेत. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, आईबाप मुलाच्या वतीने वचन देतात. मूल जाणतं झालं की तेच वचन स्वतःच्या तोंडाने द्यायचं आणि बिशपने डोक्यावर हात ठेवायचा. हे दृढीकरण. ते बिशपखेरीज कुणाला करता येत नाही, आणि ते झाल्याशिवाय त्या काळी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस मिळत नसे. बिशप यायचे दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी. त्याआधी मामा पोरांना तयार करत. त्या वर्षी पोरांबरोबर मीही बसले, सव्वीस वर्षांची घोडी. बेवारस राहायचं नाही असं ठरवलं होतं.

मी पुष्कळ उपदेशक ऐकलेत, पण मामांसारखं शिकवणं मी कुठे पाहिलं नाही. आवाज चढत नसे, हात हलत नसत. प्रभुभोजनाचा धडा त्यांनी घेतला त्या दिवशी बाहेर धुळीचं वादळ होतं, खिडक्या पिवळ्या झाल्या होत्या. मामा म्हणाले, "तिथे गुडघे टेकलेत की दोन्ही तळहात असे एकावर एक ठेवायचे. मागायचं नाही, ओढून घ्यायचं नाही. नुसते पुढे करायचे. आयुष्यात असे हात आपण फार वेळा पुढे करत नाही." इंग्रजी शाळेत जाणारी ती चुळबुळी पोरं हात पुढे करून बसून राहिली. मीही.

आणि त्याच आठवड्यात, पुढच्या शुक्रवारी, माझ्या लक्षात आलं की मामा स्वतः कधीच पुढे जात नाहीत. माझं अजून दृढीकरण व्हायचं होतं, त्यामुळे मी मागच्या बाकावर बसून बघत असायची. भोजनाची वेळ झाली की मामा एखाद्या बाईचं रडणारं पोर कडेवर घेत आणि दाराबाहेर जात. पोर नसलं तर पंखा नीट चालतो का ते बघत, नाहीतर गाणीपुस्तकं रचत. सगळे परत येऊन बसले की आत. नर्सची नजर आहे माझी. कोण औषध गिळतो आणि कोण उशीखाली सारतो, मला बरोबर कळतं. चार शुक्रवार मी पाळत ठेवली. चारही शुक्रवार हेच.

पाचव्या शुक्रवारी बसची वाट बघत आम्ही चर्चच्या सावलीत बसलो होतो. मामा आमचे फॉर्म भरत होते. मी सरळच विचारलं. "मामा, तुम्ही भाकर का घेत नाही?"

त्यांचं पेन थांबलं. शाईचा थेंब पडेल म्हणून त्यांनी आधी टोपण लावलं. मग म्हणाले, "माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवलेला नाही, सिस्टरबाई."

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती.

नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी बिशप यायचे होते तेव्हा मामा बारा-तेरा वर्षांचे. अकरा मुलं तयार होती. बिशप वाटेत दोन दिवस अडकले. तेवढ्यात मामांच्या धाकट्या बहिणीला हगवण लागली, आणि बापाने यांना बारा मैलांवरच्या मिशन दवाखान्यात औषधाला पिटाळलं. मामा औषध घेऊन परत आले तोवर बिशप येऊन, हात ठेवून, पुढच्या गावाला गेले होते. शाळेच्या मास्तरांनी मात्र अकराच्या अकरा नावं रजिस्टरात आदल्या रात्रीच लिहून ठेवली होती आणि दाखलेही करून ठेवले होते. गर्दीत कुणी मोजलं नाही. मास्तरांनी मामांचा दाखला घरी आणून वडिलांच्या हातात दिला.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी ओरडलेच जवळजवळ.

"सांगणार होतो. पुढच्या वेळी बिशप आले की सांगणार होतो. मध्येच मुंबईचे दोन भाग झाले, आमचं गाव नाशिकच्या नव्या धर्मप्रांतात गेलं. नवे बिशप आले, त्यांच्या हातात जुनी यादी. यादीत मी झालेला. मग मी मुंबईला नोकरीला गेलो, तिथे म्हणाले नाशिकहून पत्र आणा. पत्र आलं. पत्रातही मी झालेलाच. दृढीकरण दोनदा करता येत नाही. आणि न होता जेवायला बसायचं, ते माझ्याच्याने होत नाही."

ज्या माणसाला जगातली प्रत्येक हद्द पाठ, तो स्वतः तीस वर्षं कुणाच्याच हद्दीत नव्हता. आणि एवढ्या पोरांना त्याने हात पुढे करायला शिकवलं होतं. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "मग आता बिशप येताहेत ना? द्या की नाव. कधी देणार, मेल्यावर?"

"कागद आडवा येईल."

"कागद गेला खड्ड्यात!"

"तुम्ही बेवारस लोक, तुम्हाला कागदाचं काय," असं म्हणून मामा हसले. पण त्यांची मान खाली होती. मग म्हणाले, "इथून गावी परतलो की संपलंच. तिथे माझं नाव रजिस्टरात आहे, तिथे माझं कोण ऐकेल? ऐकलं तर इथेच ऐकतील." बस आली तरी ते उठेनात. दाऊदभाईंनी तीनदा भोंगा वाजवला.

दोन दिवसांनी मामांनी पाद्रीसाहेबांकडे आपलं नाव दिलं. पाद्रीसाहेब चांगले होते, पण लष्करातून आलेले, गोष्टी फायलीत बसल्या तरच त्यांना झोप लागे. त्यांना आधी काही समजेचना. दृढीकरणाचा वर्ग घेणारा माणूसच दृढीकरण मागतो! त्यांनी रिवाजाप्रमाणे मामांच्या गावच्या पाळकांना पत्र टाकलं. मामांनीच टाकायला लावलं म्हणा. मी कपाळावर हात मारला. "कशाला उकरून काढता? इथे कुणाला ठाऊक आहे?"

"मला ठाऊक आहे," मामा म्हणाले.

उत्तर बिशप यायच्या आठ दिवस आधी आलं. रजिस्टरची नक्कल, शिक्का, सही. सातवं नाव मामांचं. पाद्रीसाहेब कागद हलवत बाहेर आले, चेहरा उजळलेला. "अभिनंदन! तुमचं झालेलं आहे. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, तुम्ही लहान होता, विसरला असाल. येत्या शुक्रवारी या पुढे, मी स्वतः तुम्हाला भाकर देतो."

म्हणजे बघा. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं, पाद्रीसाहेब स्वतः द्यायला तयार, कागद हातात, पाप झालंच तर ते कागदाच्या माथी. मी असते तर धावत गेले असते.

मामा म्हणाले, "साहेब, मी विसरलेलो नाही. मी तिथे नव्हतो."

"रजिस्टर खोटं आहे असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाही. मास्तर फार सच्चे होते. त्यांना घाई झाली."

पाद्रीसाहेब वैतागले. म्हणाले, यादीत असलेल्या माणसाचं नाव मी बिशपपुढे ठेवू शकत नाही. तुम्हाला जे सांगायचं ते त्यांनाच सांगा. शिवाय या कागदावर विश्वास नसेल, तर वर्ग घ्यावा की नाही याचाही विचार करावा लागेल, असंही बोलून गेले. मामांचा चेहरा पांढरा पडला. तो वर्ग म्हणजे त्यांचं सर्वस्व होतं. त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी कडाक्याचं भांडले. म्हटलं, हट्टीपणा आहे हा, सोवळेपणा आहे, देव एवढं बारीक बघत नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सिस्टरबाई, पेशंटच्या तक्त्यावर दुसऱ्या कुणी लिहून ठेवलं की इंजेक्शन दिलं, आणि तुम्हाला माहीत आहे दिलेलं नाही. तुम्ही काय करता?"

मी उठून निघून गेले. उत्तर मला माहीत होतं.

बिशप आले. जेरुसलेमच्या आर्चबिशपांच्या वतीने आलेले, वयस्कर, गुडघे दुखणारे, विमानाने दमलेले. दृढीकरणाच्या मुलींनी डोक्यावर पांढरे रुमाल बांधायचे असतात. चर्चच्या मागच्या खोलीत मी मुलींना पिना लावत होते, माझ्याच तोंडात चार पिना, तेव्हा मामा आत आले. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. पाद्रीसाहेबांनी थोडक्यात हकिकत सांगितली, कागद पुढे केला. बिशपांनी चष्मा लावून तो वाचला. मग खुर्ची ओढून घेतली आणि मामांनाही बसायला सांगितलं. सगळं इंग्रजीत चाललं होतं, मामांचं इंग्रजी सावकाश पण स्वच्छ.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"बहिणीसाठी औषध आणायला गेलो होतो."

"बहीण जगली?"

"नाही. मी पोचलो त्याच संध्याकाळी गेली."

माझ्या हातून पिन पडली. मला हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

बिशपांनी विचारलं, "तुम्ही वडिलांना का नाही सांगितलं?"

"मास्तरांनी दाखला दिला तेव्हा वडील तो छातीशी धरून रडले. त्या आठवड्यात आमच्या घरात तेवढीच एक चांगली गोष्ट घडली होती. ती काढून घेणं मला जमलं नाही."

"पाहणारं कुणी हयात आहे?"

"कुणी नाही. माझाच शब्द आहे."

पाद्रीसाहेब हळूच म्हणाले की अशा वेळी सोय आहे. 'जर तुझं आधी झालेलं नसेल तर' असे शब्द घालून करता येईल, म्हणजे रजिस्टरही राहील आणि यांचंही समाधान होईल. बिशपांनी मामांकडे पाहिलं.

"तुम्ही जे म्हणाल ते. 'जर' म्हणालात तरी मी गुडघे टेकीन," मामा म्हणाले. आयुष्यभर ज्याला कागदाने 'झालास' म्हटलं आणि मनाने 'नाहीस', त्याला शेवटी मिळणार तेही 'जर'. मला वाटलं, पिना थुंकाव्यात आणि ओरडावं. ओरडले नाही. माझ्यापुढची मुलगी थरथरत होती, तिला वाटलं बिशप रागावलेत.

बिशपांनी कागदाची घडी केली आणि पाद्रीसाहेबांच्या हातात दिली. "हे फायलीत राहू द्या," ते म्हणाले. "मी 'जर' म्हणणार नाही. या माणसाने खोटं बोलायचं ठरवलं असतं, तर तो गेल्या शुक्रवारीच जेवला असता." मग मामांच्या खांद्याचा आधार घेऊन उठले, गुडघे धरून कण्हले आणि विचारलं, "या मुलांना कुणी शिकवलं?" पाद्रीसाहेब खाली बघत म्हणाले, "यांनीच."

त्या दिवशी आम्ही नऊ जण होतो. पोरं आधी, मग मी, शेवटी मामा. माझ्या डोक्यावर हात आला तेव्हा मी काय अनुभवलं, ते विचारू नका; माझं सगळं लक्ष शेजारी होतं. बिशपांनी मामांचं पुरं नाव घेतलं. ते मी पहिल्यांदा ऐकलं. दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि ते शब्द म्हटले, पुरते, मध्ये काही न घालता. मामांचे खांदे हलत होते. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर घामाचा एक मोठा डाग पसरत होता. मागे दाराशी कधी नव्हे ते दाऊदभाई येऊन उभे होते, टोपी घालून, हात बांधून.

मग भोजन. मामांनी तळहात पुढे केले. इतकी वर्षं सरळ रेघ ओढणारे ते हात, इतके कापत होते की बिशपांना आपला दुसरा हात त्यांच्याखाली धरावा लागला.

बाहेर आल्यावर पोरांचे फोटो, केक, गडबड. मामा भिंतीला टेकून उन्हातच उभे. मी पाणी घेऊन गेले. भांडणाबद्दल माफी मागायची होती, ती राहिलीच. ते म्हणाले, "सिस्टरबाई, फार मोठी चूक झाली माझ्याकडून."

मी विचारलं, "आता काय?"

"मी एवढ्या पोरांना शिकवलं, तिथे गुडघे टेकल्यावर काय होतं ते. फार कमी सांगितलं मी. फारच कमी." आणि तो शिस्तीचा माणूस, सगळ्या बायकापोरांसमोर, हमसून हमसून रडला.

वर्ग त्यांच्याकडेच राहिला. पुढच्या वेळी प्रभुभोजनाचा धडा आला तेव्हा मामांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "हे मला सांगता येत नाही. तुम्ही जाऊन या, मग आपण बोलू." आणखी दोन वर्षांनी नोकरी संपवून ते बोटीने परत गेले. शुवैख बंदरावर दाऊदभाई आणि मी पोचवायला गेलो होतो. दाऊदभाईंनी त्यांना मिठी मारली. मी सलाम केला. त्यांनी माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि वर चढले. नकाशांची गुंडाळी त्यांनी वर्गाला ठेवली होती; बरोबर फक्त एक ट्रंक होती.

साठचं दशक संपत आलं असताना मला त्यांच्या गावच्या पाळकांचं पत्र आलं. मामा गेले होते, झोपेत, त्रास न होता. ट्रंकेत एक दाखला सापडला, कुवेतमध्ये दृढीकरण झाल्याचा, आणि त्यामागे माझं नाव-पत्ता. पण इथल्या जुन्या रजिस्टरात तर ते लहानपणीच झालेले दिसतात, सातवं नाव. पाळक तरुण असावेत, फार संकोचून विचारलं होतं: मंडळीच्या दप्तरात दोन्ही राहू शकत नाहीत, कोणतं खरं धरावं आणि कोणतं खोडावं, आपणास काही माहिती आहे काय?

मी ड्युटीवरून आले होते, पायांतले बूटही काढले नव्हते. तशीच बसले आणि लिहिलं: "जुन्या नोंदीला हात लावू नका. ती लिहिणारे मास्तर सच्चे होते, आणि त्या नोंदीवर एक बाप रडला होता. तिच्याखाली दुसरी लिहा, कुवेतची. ती खरी आहे. मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकून होते, मी पाहिलं आहे."

खाली पूर्ण नाव लिहून सही केली.